दारातला चेहरा

रत्नपाल खिल्लारे खोटं सांगून पोट भरायचा, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं विलायतेत फार कुणी नव्हतं. ही शिवी नाही, त्याचा धंदाच तो. आखाडा बाळापूरचं हे पोरगं नाटक शिकायला औरंगाबादला गेलं, तिथून सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला गेलं, आणि गेली पंचवीस वर्षं तिथल्या टीव्हीवरच्या मालिका डायरेक्ट करतं आहे. गावात विचाराल तर लोक अजून सांगतात की लक्ष्मीबाईचा रत्ना तिकडे पिच्चर काढतो. पिच्चर नाही, मालिका, असं सांगून सांगून तो थकला आणि मग त्यानं नाद सोडला.

सुरुवातीला त्याचं काम काय, तर शूटिंगच्या रस्त्यावर उभं राहून गाड्या थांबवायच्या आणि नटांना चहा न्यायचा. मग तो सहायकांचा सहायक झाला, सहायक झाला, आणि शेवटी एका दवाखान्याच्या मालिकेचे दोन भाग त्याच्या वाट्याला आले. तिकडची रीत अशी की मालिकेचा डायरेक्टर हा पाहुणा असतो. घर लेखकाचं आणि निर्मात्याचं. पाहुण्यानं यायचं, दोन भाग करायचे, सगळ्यांशी गोड बोलायचं आणि निघायचं. रत्नपाल असा कितीतरी घरांत राहिला. दवाखान्यात राहिला, पोलीस ठाण्यात राहिला, समुद्राकाठच्या एका खुनी गावात तर सलग तीन हिवाळे राहिला. पुढे त्याला स्वतःच्या तीन-तीन भागांच्या मालिका मिळायला लागल्या.

त्याचं नाव झालं ते दारामुळे. कुणी घरी येतं, दार उघडतं आणि दारातच त्याला वाईट बातमी कळते, असा प्रसंग असला की निर्माते म्हणायचे, रत्नपालला बोलवा. त्याची युक्ती साधी होती. तो नटाला पुढचं सांगायचाच नाही. शक्य तेव्हा त्या दिवसाची पानं लपवायचा, आत कोण बसलं आहे ते कळू द्यायचा नाही आणि कॅमेरा आधीच जागेवर ठेवायचा. चेहऱ्याला खरं एकदाच कळतं, दुसऱ्यांदा तो नुसता आठवतो, असं तो मुलाखतीत सांगायचा. लोकांना हे वाक्य फार आवडायचं. त्यालाही आवडायचं.

लक्ष्मीबाईनं लेकाची मालिका एकदाच पाहिली, पुतण्याच्या, म्हणजे सुरजच्या, मोबाइलवर. अर्धा भाग झाल्यावर तिनं विचारलं होतं की ही माणसं एवढी शिकली-सवरलेली आहेत, घरंही चांगली आहेत, मग एकमेकांशी बोलत का नाहीत. रत्नपाल हसला होता. तिकडच्या कुठल्याही टीकाकाराला एवढं नेमकं बोलता आलेलं नाही, असं त्यानं बहिणीला फोनवर सांगितलं होतं.

एका फेब्रुवारीत लक्ष्मीबाईला ताप आला आणि उतरेना, म्हणून तो आला. हळद शिजवायचे दिवस होते, शेतांमधून कढया पेटलेल्या होत्या आणि सगळ्या गावाला तो ओला वास होता. आठवडाभर तो आईपाशी बसला. सगळे म्हणाले, पोरगं एवढ्या लांबून आलं, म्हातारी आता उठते. एका सकाळी तिनं पाणी मागितलं, घोटभर प्याली आणि म्हणाली, “फॅन बंद कर रे, थंडी वाजून राहिली.” त्यानं बटण बंद केलं. वळून पाहतो तर ती गेलेली होती आणि वर फॅनची पाती अजून फिरत होती. तो पात्यांकडे बघत उभा राहिला. ती थांबेपर्यंत त्यानं कुणाला हाक मारली नाही.

घर भरलं. कोंडीबाकाका आले, म्हणजे त्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि घरातलं आता मोठं माणूस. शेजारच्या द्वारकाबाई शेतातून तशाच हात पुसत आल्या. रत्नपाल रडला नाही. लोक म्हणाले, धक्का बसला आहे, लई प्रेम होतं माय-लेकराचं.

आता प्रश्न करुणाचा होता. करुणा म्हणजे रत्नपालची थोरली बहीण, औंढा नागनाथला प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला आणायचं कसं?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात फोनवर कुणी मरत नाही. फोनवर फक्त ‘तब्येत जास्त आहे, निघून ये’ एवढंच होतं. माणूस सरणाच्या वाटेवर असलं तरी लेकीला घराच्या उंबऱ्यापर्यंत कळू द्यायचं नाही, वाटेत तिला काही झालं तर काय, ही रीत. रीत सगळ्यांना ठाऊक असते. निघणारीलाही असते, तरी ती गाडीत बसून स्वतःची समजूत घालत येते, कारण जास्त म्हणजे जास्तच असेल कदाचित. यात काय दया आहे आणि काय क्रूरपणा, हे ठरवायला कुणाला सवड झालेली नाही. आजवर सगळ्यांना असंच आणलं गेलं आहे आणि सगळे आपल्या पाळीला असंच आणतात.

करुणाला बीपीची गोळी चालू होती, म्हणून काकांनी फोनही नको म्हटलं. कुणीतरी जाऊन गाडीतून आणायचं. सुरज निघाला, तर काकांनी त्याला अडवलं. त्याचं तोंड बघून कुत्र्यालासुद्धा कळलं असतं. करुणाचा नवरा संतोष एसटीत वाहक, त्या दिवशी परभणीकडे ड्यूटीवर. त्याला परस्पर कळवायचं ठरलं. मग काकांनी रत्नपालच्या खांद्यावर हात ठेवला.

“तू जा. तुझं तर कामच हाय ते. तिला काय बी कळू द्यू नको.”

यात टोमणा नव्हता. म्हातारा अगदी भोळेपणानं बोलला. तरी रत्नपालला वाटलं की पंचवीस वर्षांत आपल्या कामाबद्दल घरातल्या कुणी पहिल्यांदाच बरोबर बोललं. त्यानं सुरजकडून गाडीची किल्ली घेतली.

औंढ्याला पोचायला तासभर लागला. देवळाकडे जाणाऱ्या गाड्यांमधून वाट काढत तो बहिणीच्या दारात गेला, तेव्हा ती शाळेला निघायच्या घाईत होती, वेणीचा शेवटचा पेड घालत. त्याला बघून तिचे हात थांबले. त्यानं ठरवलेलं वाक्य म्हटलं. ताप वाढला आहे, डॉक्टर म्हणतात नांदेडला न्या, तू असलेली बरी. वाक्य चांगलं होतं. पण करुणानं त्याच्याकडे असं पाहिलं की वाक्याचा काही उपयोग झाला नाही.

“रत्ना, खरं सांग.”

तिचा चेहरा आता फुटणार हे त्याला दिसलं. असे चेहरे ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. आणि नुसतं खोटं उभं राहत नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, हेही त्याला माहीत होतं. तो म्हणाला, “खरंच सांगतो अक्का. दोन दिवस झाले, काही खात नाही ती. म्हणते, करुणाच्या हातच्या ताकातल्या कण्या आण, तर खाते.”

हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. काकांनी नाही, कुणीच नाही. हे त्याचं स्वतःचं, जागेवर सुचलेलं. मेलेलं माणूस खायला मागत नाही, म्हणून जी खायला मागते ती जिवंत असणारच. करुणाच्या चेहऱ्यावरचं सावट गेलं. ती हसलीसुद्धा. म्हणाली, म्हातारीला अजून चव कळून राहिली म्हणजे बरीच होणार, आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेली.

तिनं ज्वारीच्या कण्या काढल्या, निवडल्या, धुतल्या. ताक घुसळलं. कण्यांना घाई चालत नाही, त्या मंद आचेवर ढवळत बसावं लागतं, नाहीतर ताक फाटतं. रत्नपाल स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून होता. त्या सगळ्या वेळात कधीही त्याला सांगता आलं असतं. अक्का, गॅस बंद कर, माय गेली. एवढं एकच वाक्य होतं. ते न बोलता तो तिचा ढवळणारा हात बघत बसला आणि मध्ये एकदा मीठ कमी टाक असंही म्हणाला, मायला डॉक्टरनं मीठ कमी सांगितलं आहे म्हणून. इतकं बारीक खोटं बोलायची काही गरज नव्हती. पण हात बसलेला असला की तो चालतोच.

गाडीत ती त्याच्या शेजारी बसली. कण्यांचा डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि वरून पदर टाकला, निवू नयेत म्हणून. तिचा फोन त्यानं रस्ता बघायला मागून घेतला होता आणि हळूच बंद करून खिशात टाकला होता, कारण नातेवाइकांपैकी कुणाचा धीर सुटला तर सगळं बिघडलं असतं. बिघडलं असतं, हाच शब्द त्याच्या मनात आला.

वाटभर करुणा बोलत होती. म्हातारीच्या खोड्या सांगत होती. गोळी जिभेखाली लपवून मागीलदारी थुंकते, शेजारच्या द्वारकाबाईला म्हणते मला कसला ताप, हा तर सुनेचा राग, आणि सून तर या घरात नाहीच. ते सांगताना करुणा इतकी हसली की डबा सांडेल म्हणून तिनं तो घट्ट धरला. रत्नपालही हसला. बाळापूर जवळ आल्यावर तिनं फोन मागितला. सुरजला सांगते, चूल पेटवून ठेव म्हणून, कण्या परत एकदा गरम कराव्या लागतील. तो म्हणाला, चार्जिंग संपलं.

घराच्या वळणावर गाडी थांबली. तो आधी उतरला. करुणाच्या बाजूचं दार त्यानं उघडलं आणि मग तो तिथं थांबला नाही. पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. तो तिथं का गेला, हे त्याला तेव्हा समजलं नव्हतं. तिथून घराचं दार बाजूलाच होतं, ऊन पाठीशी होतं आणि दाराकडे जाणाऱ्या माणसाचा चेहरा पूर्ण दिसत होता.

करुणा डबा घेऊन उतरली. अंगणात पुरुष बसलेले होते, ते उठून उभे राहिले. मग तिला दारातल्या चपला दिसल्या. पायरीवरून खाली ओघळलेल्या, एकीत एक अडकलेल्या, साऱ्या गल्लीच्या चपला. ती थांबली. ओरडली नाही. तिनं टॉवेल बाजूला केला आणि डब्याच्या झाकणावर तळहात ठेवून पाहिला, अजून गरम आहे का ते. मग मान वळवून ती भावाला शोधायला लागली. गाडीपाशी पाहिलं, मागं पाहिलं, तो नव्हता. द्वारकाबाई धावत आल्या आणि त्यांनी तिला कवेत घेतलं म्हणून ती पडली नाही. रत्नपाल टाकीपाशी होता. त्याला सगळं दिसलं.

संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झालं, लक्ष्मीबाईला निरोप दिला. रात्री बायका निजल्यावर करुणा भावापाशी येऊन बसली. तो म्हणाला असता काहीतरी, पण तीच आधी बोलली. म्हणाली, तुझ्यावर सगळ्यात वाईट काम आलं रे. मला आणताना किती तकलीफ झाली असेल तुला. मायला तसं बघून निघालास आणि वाटभर माझ्याशी हसत बोललास. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताला ताकाचा वास येत होता. रत्नपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाला आठवायच्या कार्यक्रमात कोंडीबाकाका बोलायला उभे राहिले. वहिनींनी कष्टानं लेकरं शिकवली हे सांगितलं, आणि मग आवाज जड करून म्हणाले की वहिनींचा जीव शेवटी लेकीच्या हातच्या कण्यांत अडकला होता. करुणानंच त्यांना सांगितलं होतं. समोरच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. करुणा मान खाली घालून बसली होती, पण तिच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर आणखी एक काहीतरी होतं, आणि ते बघून रत्नपालची मान वर होईना. आपल्या आईनं शेवटचं आपल्याला मागितलं, याचं समाधान होतं ते. दर वर्षी मायच्या स्मृतिदिनाला गावाला कण्या खाऊ घालायच्या, असं तिनं तिथंच जाहीर केलं.

मायनं शेवटी फॅन बंद करायला सांगितला होता. हे जगात एकट्या रत्नपालला माहीत होतं.

तो परत गेला. उन्हाळ्यात नवं काम आलं, तीन भागांची मालिका, उत्तरेकडच्या एका ओल्या गावातली. गोष्टीत एक बाई आईला भेटायला फुलं घेऊन येते आणि आई सकाळीच गेलेली असते. ते वाचून रत्नपाल लेखिकेला म्हणाला, फुलं नकोत. तिच्या हातात गरम सूपचा थर्मास द्या. लेखिकेनं विचारलं, सूप का आणते ती? तो म्हणाला, भाऊ सांगतो म्हणून, आईनं मागितलं आहे असं. लेखिका हुशार होती. तिनं विचारलं, आईनं खरंच मागितलेलं असतं का? रत्नपाल खिडकीबाहेर बघत नाही म्हणाला. इंग्रजीत कबूल करणं सोपं गेलं, कारण ऐकणारं आपलं कुणी नव्हतं. लेखिकेनं ते सगळं गोष्टीत घातलं.

शूटिंगच्या दिवशी त्यानं नटीला पानं दिली नाहीत. तिला एवढंच सांगितलं की आत आई अंथरुणावर बसलेली आहे, तिला सूप दे. कुठं थांबायचं आणि हात कुठं ठेवायचा तेवढं समजावलं. अंगणात माणसं भरून ठेवली. भावाचं काम करणाऱ्या नटाला भिंतीपाशी उभं केलं. त्यानं विचारलं, मी तिच्याजवळ का जात नाही? रत्नपाल म्हणाला, तू जाणार नाहीस, तू बघशील. पहिल्याच टेकमध्ये मिळालं सगळं. लाइट धरणारा गडीसुद्धा डोळे पुसत होता. नटी मात्र मेकअप न उतरवता थेट त्याच्याकडे आली आणि म्हणाली की मला विचारायला हवं होतंस. मला येतं हे काम, माझा चेहरा असा चोरायची गरज नव्हती. रत्नपालनं माफी मागितली. मनात आलं, हिला निदान भांडता तरी आलं.

हिवाळ्यात मालिका लागली आणि त्याचं आजवर झालं नव्हतं एवढं कौतुक झालं. पेपरांनी त्या थर्मासवर रकाने लिहिले. जो तो त्याला विचारायचा, हे सुचलं कुठून. तो सांगायचा, घरचं आहे. रात्री झोप लागायची नाही. करुणाची मुलगी निता पुण्याला नोकरीला होती आणि मामाचं सगळं शोधून शोधून बघायची. आज ना उद्या ती हे बघणार आणि आईला सांगणार. त्याआधी आपण जाऊन आपल्या तोंडानं सांगायचं, असं त्यानं ठरवलं. पण सांगायचं म्हणजे तिच्या हातातलं शेवटचं काढून घ्यायचं. नाही सांगायचं, तर तिनं दर वर्षी गावाला त्याचं खोटं वाढायचं. विमानात त्यानं दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडून तोच गुन्हेगार निघाला.

स्मृतिदिनाच्या सकाळी तो बाळापूरला पोचला. अंगणात मोठ्या पातेल्यात कण्या रटरटत होत्या, सुरज उलथन्यानं ढवळत होता. नांदेडकडची माणसं वारंगा फाट्यावरून रिक्षा करून येत होती. वंदना झाली. कोंडीबाकाकांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, या वर्षी थोडी वाढवून. आता वहिनी करुणाचं नाव घेत घेत गेल्या होत्या. पहिली पंगत बसली. लोक भुरके मारून कण्या खात होते आणि लक्ष्मीबाईचं नाव काढत होते. निता वाढत होती. मामाच्या ताटाशी आली तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यावरून त्याला कळायला हवं होतं.

त्यानं कण्यांना हात लावला नाही. तो ताटावरून उठला आणि आत गेला. करुणा स्वयंपाकघरात एकटी होती, दुसऱ्या पंगतीसाठी ताकाला फोडणी देत. त्यानं दार ओढून घेतलं.

“अक्का, मला काही सांगायचंय. मायनं त्या दिवशी कण्या मागितल्या नव्हत्या.”

करुणानं गॅस बारीक केला. म्हणाली, ठाऊक आहे. निता मागच्या महिन्यात लॅपटॉप घेऊन आली होती. सगळे भाग शेजारी बसून मराठीत सांगितले तिनं, वाक्यान्‌वाक्य. त्या पोरीला रडू आवरत नव्हतं, मीच तिला पाणी दिलं.

त्याला वाटलं होतं, ती चिडेल. त्याची तयारी चिडण्याची होती. तो म्हणाला, मग आज हे सगळं कशाला केलंस, काकांना का बोलू दिलंस. ती फोडणी ढवळत राहिली आणि सावकाश म्हणाली की मायनं मागितल्या नसतील, पण मी केल्या त्या मायसाठीच केल्या. मांडीवर धरून आणल्या त्या मायसाठीच आणल्या. ते काही खोटं नव्हतं. ते माझं आहे, ते तुला घेता यायचं नाही. बाहेर लोक जेवून राहिले, त्यांना जेवू दे.

रत्नपालला सुटल्यासारखं झालं. खरंच झालं. वर्षभराचा दगड छातीवरून सरकला असं त्याला वाटलं आणि तो माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं हात पुसले आणि त्याच्याकडे वळली.

“पण एक मला समजलं न्हाई, रत्ना. त्या तुझ्या गोष्टीत ती बाई डबा घेऊन उभी ऱ्हाती, तवा तिचा भाऊ भिताडापाशी उभा ऱ्हाऊन तिच्याकडं बघत ऱ्हातो. मी त्या दिवशी तुला हुडकत व्हते. मला वाटलं, तू कुठंतरी कोपऱ्यात रडून राहिला असशील. वर्षभर मला तेच वाटलं. तू टाकीपाशी व्हतास, व्हय न? तिथूनच दारातल्या माणसाचं तोंड दिसतं.”

ती उत्तरासाठी थांबली नाही.

“माझी माय मेली व्हती म्हणून मी तशी झाले. तुझी बी माय मेली व्हती की रे.”

ती हे अगदी हळू बोलली. राग नव्हता त्यात, आणि राग असता तर त्याला सोसलं असतं. त्याला वाटलं, आता तरी रडू यावं. दीड वर्षाच्या लेकरालाही येतं ते रडू. त्यानं वाट पाहिली. ते आलं नाही. त्याऐवजी त्याला दिसलं की मागच्या खिडकीतून ऊन येत आहे आणि बहिणीचा अर्धा चेहरा उजेडात आहे, अर्धा अंधारात, आणि ओठाचा कोपरा थरथरतो आहे. थोडं डावीकडे सरकलं तर दोन्ही डोळे दिसतील. त्याचा पाय सरकला. त्याला तो थांबवता आला नाही, आणि आपण काय करतो आहोत हे कळून त्याला स्वतःची शिसारी आली.

करुणानं त्याचा पाय पाहिला. मग त्याचा चेहरा पाहिला.

“आत्ता बी बघूनच राहिलास तू,” ती म्हणाली, आणि तिनं त्याच्याकडे पाठ केली.